मागाचं बीड, ट्रकचा पाटा आणि माळढोक: भंगारातून शिल्प कसं उभं राहतं

सोलापुरात जुना पॉवरलूम मोडीत निघाला की लाकडाचे धोटे, कांड्या, चामड्याचे पट्टे बाजूला पडतात आणि उरलेला सगळा माग काट्यावर चढतो. दोन्ही बाजूंच्या जाड चौकटी, दातेरी चाकं, क्रँक शाफ्ट, स्प्रिंगा, पट्ट्या आणि नट-बोल्टांचे डबे. चादरी-टॉवेलच्या धंद्यात साध्या मागांच्या जागी बिनधोट्याचे वेगवान रेपियर माग येत गेले, तसा हा माल भंगारात वाढत गेला. १८७७ च्या सुमारास जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव विणकामाचं लोखंड वापरतंय, दुरुस्त करतंय आणि मोडीत काढतंय. त्यात जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या साखळ्या, ट्रकचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या बाकदार पोलादी पट्ट्या), विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यांची भर. तेव्हा भंगारातून शिल्प करायचं मनात आलं, तर सोलापूरकराला मालासाठी वणवण करावी लागत नाही.

माल ओळखावा मात्र लागतो. मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात त्यात एक जण नट-बोल्टांचा ढीग पुढ्यात घेतो, ठिणग्या उडतात आणि दोन मिनिटांत घोडा तयार होतो. त्या ढिगातून काय काय आधीच बाजूला काढलं होतं, ते व्हिडिओत येत नाही. हा तुकडा वेल्डिंग धरणार नाही, हा धरेल पण रात्रीतून तडकेल, हा तापवला तर विषारी धूर सोडेल. या कलेतली निम्मी अक्कल या निवडीत आहे असं माझं मत आहे. साधा वेल्ड ओढायला कोणीही मन लावलं तर महिन्या-दोन महिन्यांत शिकतो. हातातला तुकडा नेमका कोणत्या लोखंडाचा आहे हे कळायला जास्त वेळ लागतो, आणि शिल्पाचा आकार बराचसा त्यावरच ठरतो.

भंगार म्हणजे कचरा नव्हे

अशा शिल्पाखाली ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही पाटी हमखास लागते. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बशा, बांगड्या, फरशीचे तुकडे यांतून रॉक गार्डन उभं केलं आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे ही पाटी शोभते, कारण फुटकी बशी खरंच कोणी विकत घेत नाही. लोखंड मात्र कोणी टाकत नाही. गल्लीत हाळी देणारा भंगारवाला, त्याच्याकडून घेणारा मोठा व्यापारी, तिथून ट्रक आणि शेवटी भट्टी, अशी त्याची ठरलेली वाट आहे. आपल्याच राज्यात जालन्याला भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करणारे कारखाने आहेत. लोखंड कितीही वेळा वितळवलं तरी लोखंडच राहतं, आणि खनिजापासून नवं पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवायला ऊर्जा बरीच कमी लागते.

त्यामुळे क्विंटलभर भंगार घेऊन कोणी हत्ती केला, तर त्याने पर्यावरण वाचवलं असं काही होत नाही. ते लोखंड वाचणारच होतं. शिल्पकाराने वाचवलेला असतो तो आकार. भट्टीत गेलेलं दातेरी चाक परत येतं ते सळई होऊन; त्याचे दाते, त्यावर ओतलेला कारखान्याचा क्रमांक, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली कड, हे सगळं जातं. म्हणून भंगाराच्या दुकानात शिरताना ‘स्वस्तात लोखंड मिळेल का’ असं बघू नये. साधा पत्रा आणि अँगलच हवा असेल तर तो नवा घ्या; गंज घासण्यात आणि ग्राइंडरच्या चकत्यांत जो पैसा जातो तो वाचेल. भंगारातून उचलायचं ते ज्याचा आकार वितळवायला जीव होत नाही तेच.

धातूची ओळख

पहिलं हत्यार लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला असला तरी चालतो. चिकटला नाही तर समोर तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्याकडचं ‘जर्मन’, नाहीतर भांड्यांच्या जातीचं स्टेनलेस स्टील आहे. पहिली दोन रंगावरून कळतात, जर्मन हातात हलकं लागतं. स्टेनलेसचा मात्र एक गोंधळ आहे. चांगल्या प्रतीच्या, निकेलवाल्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही. स्वस्तातल्या, निकेल नसलेल्या स्टेनलेसला धरतो. तेव्हा चुंबक चिकटला म्हणून ते साधं लोखंड असं ठरवता येत नाही.

दुसरं हत्यार ग्राइंडर, आणि इथे खरी मजा आहे. तुकड्याची एक कड चकतीला हलकेच लावायची आणि ठिणग्या बघायच्या. शक्यतो सावलीत, मागे काळा पत्रा ठेवून. साध्या लोखंडाच्या, म्हणजे फॅब्रिकेशनवाले ज्याला एमएस म्हणतात त्याच्या ठिणग्या लांब जातात, पिवळसर असतात आणि टोकाला क्वचित एखादा फाटा फुटतो. ट्रकच्या पाट्याला चकती लावा: तितक्याच उजळ ठिणग्या, पण प्रत्येकीच्या टोकाला फुलबाजी. फाटे जितके जास्त तितका त्या पोलादात कार्बन जास्त, कारण ठिणगीच्या त्या तापलेल्या कणातला कार्बन हवेत जळून फुटतो. बिडाच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाच्या ठिणग्या आखूड, चकतीजवळ लालसर आणि लगेच विझणाऱ्या. स्टेनलेसच्या नारिंगी, फाटे जवळपास नाहीत. पितळ, तांबं, जर्मन यांना ठिणगीच नाही. जर्मन तर लोखंडाच्या चकतीला लावूच नये. मऊ धातू चकतीच्या दाण्यांत भरतो, चकती तापते आणि फुटू शकते.

एवढं करूनही शंका राहिली तर ड्रिल मारून बघायचं. एमएसमधून लांब, चमकदार वळ्या निघतात. बिडातून निघते ती काळसर भुकटी, आणि ती बोटाला लावली की पेन्सिलीच्या शिशाने व्हावं तसं बोट काळं होतं. ते शिसं नसतं, ग्राफाइट असतं, आणि पेन्सिलीतही तेच असतं. मागाच्या चौकटीशी पुढे जी कटकट होते तिचं मूळ या काळ्या भुकटीत आहे.

बीड का तडकतं

एमएस आणि बीड, दोन्ही लोखंडच. फरक कार्बनचा. एमएसमध्ये तो शेकडा पाव टक्क्याच्या आत असतो, बिडात साधारण २ ते ४ टक्के. एवढा कार्बन लोखंडात मुरत नाही, तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने आत पसरून राहतो. याचे फायदे आहेत. बीड ११५० ते १२०० अंशांच्या आसपास वितळतं, एमएसला १५०० च्या जवळ जावं लागतं. म्हणून बीड साच्यात ओतायला सोपं. शिवाय ग्राफाइटमुळे ते थरथर पचवतं. दिवसरात्र खडखडणाऱ्या मागाची चौकट बिडाची केली ती उगाच नाही.

तोटाही तोच. ते पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटातल्या तयार भेगा. ताण आला की बीड वाकत नाही, सरळ मोडतं. एमएस ही तव्यावरून उतरलेली भाकरी धरली तर बीड म्हणजे आपली कडक भाकरी. पहिली दुमडते, दुसरी दुमडायला गेलात की दोन तुकडे हातात.

आता याला वेल्डिंग करताना काय होतं ते पाहू. वेल्डिंग मशीनचा करंट रॉडच्या टोकातून उडी मारतो, त्या ज्वाळेत रॉडही वितळतो आणि तुकड्याची कडही. दोन्ही मिसळून थिजतात तो वेल्ड. थिजताना धातू आक्रसतो आणि दोन्ही बाजूंना ओढतो. एमएस ती ओढ थोडं वाकून सहन करतं. बिडाला वाकता येत नाही. त्यातच वेल्डलगतचा बिडाचा पट्टा प्रचंड तापून झटकन थंड झालेला असतो, आतला कार्बन मोकळा होऊन तिथलं लोखंड काचेइतकं ठिसूळ बनलेलं असतं. मग वेल्ड शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारून, केसाएवढी बारीक, सरळ भेग जाते. कधी ‘टिच्’ असा आवाज त्याच वेळी येतो. कधी काम संपवून शटर ओढल्यावर.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, निकेलचा रॉड. निकेल मऊ असतं, आक्रसण्याची ओढ स्वतःवर घेतं. वेल्डही एका दमात लांब ओढायचा नाही. दोन-तीन सेंटिमीटर ओढला की थांबायचं, तो गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे म्हणजे तो किंचित पसरतो, आणि हात लावता येईल इतका निवला की पुढचा तुकडा. हा रॉड साध्या रॉडच्या कितीतरी पट महाग मिळतो, त्यामुळे फॅब्रिकेशनवाला ‘साध्याने मारू, काय होतंय’ म्हणतो. ऐकू नका. दुसरा उपाय म्हणजे आख्खा तुकडा आधी चांगला तापवणं, गरम असतानाच जोडणं, आणि मग राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर हळूहळू निववणं. लहान चाकासाठी हे जमतं. मागाच्या आख्ख्या चौकटीसाठी भट्टी आणायची कुठून?

तिसरा उपाय मला सगळ्यात पटतो: वेल्ड करूच नका, बोल्ट मारा. माग मुळात नट-बोल्टवरच उभा असतो. चौकटीत ओतकामापासूनची भोकं आहेत, गाळे आहेत, शाफ्टच्या जागा आहेत. लागलंच तर नवं भोक पाडायला बीड सोपं. माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जॉबर लोकांनी आयुष्यभर हे यंत्र पान्याने खोललं आणि पान्यानेच जोडलं. शिल्पातही त्याच पद्धतीने जोडलेलं बरं दिसतं. हात वेल्डिंगच्या मशीनवर बसलेला असला की प्रत्येक जोड वितळवूनच करावासा वाटतो, ही सवय सोडवावी लागते.

दुसऱ्या टोकाला कडक पोलाद आहे. ट्रकचा पाटा, बेअरिंगच्या गोळ्या, चांगले पाने. बेअरिंगची गोळी प्राण्याचा डोळा म्हणून सगळ्यांनाच आवडते, आणि ती जोडावरून निसटून पडते, कारण त्या पोलादात सुमारे १ टक्का कार्बन असतो आणि साध्या टाक्याखाली, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्याखाली ते तडकतं. गोळीला वेल्ड करण्याऐवजी तिच्या मापाची वॉशर किंवा कडी करून त्यात ती घट्ट बसवावी. पाट्याचा बाक इतका देखणा असतो की त्यातून पंख, फासळ्या, मान सगळं सुचतं. तो जोडताना आधी तापवून घ्यावा आणि जोडल्यावर पाण्यात अजिबात बुडवू नये. आपल्याकडे घाई झाली की बादलीत बुडवून ‘चर्र’ करायची पद्धत आहे. एमएसला ती चालून जाते, पाट्याची मान मोडते.

धूर, डोळे आणि बंद डबे

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

पांढरट चमक असलेला पत्रा, पाइप, बादली यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ झालेली असते. वेल्डिंग करताना पांढरा दाट धूर आणि कोळिष्टकांसारखे तंतू उडताना दिसले की ते जस्त. तो धूर छातीत गेला तर काही तासांनी, बहुतेकदा संध्याकाळी, अंगात थंडी भरते, ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. आधी दूध प्यायलं किंवा गूळ खाल्ला की काही होत नाही, असं कित्येक दुकानांत ऐकायला मिळतं. दूध-गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. त्यांची गाठ पडत नाही. मुलामा घासून काढणं, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभं राहून काम करणं आणि धातूच्या धुराचा मास्क लावणं, एवढंच कामाचं. तोंडाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही.

जुन्या गाड्यांचे क्रोमचे चकचकीत बंपर, पिवळसर झाक असलेले मुलाम्याचे बोल्ट, जुना ऑइलपेंट, हे याहून वाईट. क्रोमचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, पिवळ्या मुलाम्यात कॅडमियम असलं तर तो धूर जिवावर बेततो, जुन्या रंगात शिसं असतं. यांतल्या कशालाही ज्वाळ लावायची नाही. बोल्टाने जोडा किंवा सरळ सोडून द्या.

बंद पोकळ वस्तू तर आणखी वेगळी. मोटरसायकलचा शॉकअप, फ्रीजचा कॉम्प्रेसर, पेट्रोलची टाकी, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप. आत वायू, तेल किंवा नुसती हवा असली तरी तापल्यावर दाब वाढतो आणि वस्तू फुटते. पेट्रोलची टाकी ‘कधीची कोरडी आहे’ म्हणून भागत नाही, उरलेली वाफ भडकायला पुरते. शॉकअप कापायचाच नाही. टाकीचा आकार मोहात पाडणारा असतो, कबूल आहे, तरीही नाही.

डोळ्यांचं सगळ्यांना माहीत आहे आणि तरी टाका मारताना मान वळवून, डोळे मिटून काम उरकणारे दिसतात. त्या ज्वाळेतली अतिनील किरणं डोळ्याच्या वरच्या पडद्याला भाजतात. त्याच वेळी काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन झोप उडते. १० किंवा ११ नंबरची काच असलेलं हेल्मेटच हवं. सोलापूरच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मात्र पुस्तकांत सहसा नसते. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मे महिन्यांत, घामाने हातमोजे ओले झालेले असतात. वेल्डिंग मशीनचा काम थांबलेलं असतानाचा व्होल्टेज ५० ते ८० च्या घरात असतो. कोरड्या हाताला तो फारसा जाणवत नाही, घामेजल्या हाताला झटका देतो. मोजे बदलत राहायचे, आणि जड काम सकाळी लवकर उरकायचं. इथले शहाणे वेल्डर दुपारी कापाकापीची मापं घेतात, ज्वाळ पेटवत नाहीत.

काय उचलायचं

आता कलेकडे. भंगाराच्या शिल्पाची सगळ्यात छोटी आणि सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट पिकासोची आहे. १९४२ मध्ये त्याने सायकलची सीट आणि हँडल एकत्र ठेवलं आणि बैलाचं डोकं केलं. वस्तू दोनच. बघताना एकदा बैल दिसतो, एकदा सायकल दिसते, आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकत नाहीत. गंमत म्हणजे धातू जोडण्याची विद्या त्याला खुलिओ गोन्सालेस या मित्राकडून मिळाली होती, आणि गोन्सालेस गॅस वेल्डिंग शिकला होता रेनो मोटारीच्या कारखान्यात. म्हणजे या कलेची वाट सुरुवातीपासूनच वर्कशॉपमधून जाते. आपल्याकडे मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांनी भंगारातले यंत्रांचे भाग आणि पत्रे जोडून शिल्पं केली, तीही त्या काळात जेव्हा बाईच्या हातात वेल्डिंगची काच असणं ही बातमी झाली असती.

याच्या उलट टोकाला दिल्लीचं वेस्ट टू वंडर पार्क. सराय काले खाँजवळ २०१९ मध्ये ते सुरू झालं, सुमारे १५० टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत. काम मेहनतीचं आहे, मुलांना आवडतं. मला मात्र तिथे भंगार हा नुसता भराव वाटतो. ताजमहालाचा घुमट पाइपच्या तुकड्यांचा आहे की नव्या पत्र्याचा, याने घुमटाला फरक पडत नाही. तुकड्याची जुनी ओळख आणि नवी भूमिका यांची जिथे गाठ पडते तिथेच भंगार वापरण्यात अर्थ आहे.

सोलापुरात अशा गाठी भरपूर सापडतात. एक उदाहरण जरा जवळून बघू. काही मागांवर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पोलादी पत्रीची एक बारीक पट्टी अडकवलेली असते. तिला ड्रॉपपिन म्हणतात. बोटभर रुंदही नाही, वीतभर लांबीची, एका टोकाशी लांबट खाच. धागा ताठ आहे तोवर पट्टी अधांतरी. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. एका मागावर अशा हजारो असतात, म्हणून भंगारात त्या तारेत ओवलेल्या जुड्यांनीच येतात. एक जुडी हातात घेऊन किंचित पसरवली की पट्ट्या एकीवर एक सरकतात आणि पिसं दिसायला लागतात. खाच पिसाच्या मधल्या दांड्याच्या जागी येते. वर धाग्याने घासून झालेली चमक असतेच.

पिसं मिळाली, पक्षी कोणता? नान्नज आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि तिथे माळढोक दिसणं आता दुर्मीळ झालंय. धागा तुटल्याचं सांगणाऱ्या पट्टीतून जवळपास नाहीसा झालेला पक्षी करावा, एवढं पुरे. बाकी काही त्याच्या चबुतऱ्यावर लिहायची गरज नाही. (चबुतऱ्यावर लांबलचक संदेश लिहिण्याची हौस आपल्याकडे फार. मजकुरापेक्षा मान्यवरांची नावं मोठी, ती निराळी तक्रार.)

पट्ट्या जोडताना जाड रॉड कामाचा नाही. मिलिमीटरभराच्या आतल्या पत्रीला साधा ३.१५ मिलिमीटरचा रॉड लावला की भोक पडतं. स्पॉट वेल्डिंग, कमी करंटवर बारीक तारेचं मिग मशीन, किंवा मूळ खाचेतूनच तार ओवून बांधणं. शेवटचा मार्ग वेळखाऊ आहे आणि सगळ्यात सुंदर दिसतो. वारा आला की पिसं हलतातही.

दोन पायांवरचा पक्षी

माळढोक मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत भरतो. लोखंड पाण्याच्या ७.८५ पट जड. म्हणजे तेवढाच पक्षी भरीव लोखंडाचा केला तर शंभर किलोच्या वर जाईल, आणि खाली पाय असतील दोन काड्या. म्हणून आत सळ्यांचा सांगाडा आणि बाहेर कवच असंच करतात. वजनाचा अंदाज सोपा आहे: एक चौरस मीटर पत्रा, जाडी १ मिलिमीटर, वजन ७.८५ किलो. दोन मिलिमीटर जाडीचं दीड चौरस मीटर कवच धरलं तर साडेतेवीस किलो. पिसं एकमेकांवर चढवली की ते दुपटीकडे जातं, हे आधीच धरून चाला.

तोल साधायची युक्ती जुनी आहे. शिल्पाच्या वजनाचा मध्य पायांच्या टेकणीच्या आत पडला पाहिजे. लांब मान पुढे काढली तर शेपटीत वजन भरा. मागाचं बिडाचं दातेरी चाक तळाला आडवं टाकलं तर ते चबुतराही होतं आणि वजनही खाली ओढतं. पायाच्या सळ्या त्या चाकाला वेल्ड करू नका, कारण वर सांगितलंच. भोकातून खाली काढा आणि खालून नट कसा.

जोडताना आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे. एकीकडून पूर्ण वेल्ड ओढत गेलात तर आक्रसणाऱ्या वेल्डमुळे पक्षी त्या बाजूला वळतो, आणि मग तो वाकडा आहे की मान मुद्दाम वळवली आहे यावर वाद होतात. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, असं आलटून-पालटून.

गंज ठेवायचा की घालवायचा

गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, बाकी महिने कोरडे. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत जे लोखंड दोन पावसाळ्यांत खपल्या सोडतं, ते इथे बरंच तग धरतं. तरी गंज स्वतःहून थांबत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, सुटतो, आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. काही खास मिश्रधातूंच्या पोलादावर गंजाचा घट्ट थर बसून आत संरक्षण मिळतं. ते पाहून साधं एमएस तसंच उघडं ठेवणारे फसतात.

तांबूस रंग आवडत असेल तर सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि जो घट्ट बसलाय त्यावर पारदर्शक लॅकर किंवा मेणाचा हात द्यावा. घरातल्या शिल्पाला मेण पुरतं. उघड्यावर पावसाळ्याआधी दरवर्षी नवा हात लागतो, आणि ते करणारं कोणी नसेल तर झिंक प्रायमर आणि रंगच बरा. पितळ-तांब्याचे तुकडे लोखंडाला थेट चिकटवून उघड्यावर ठेवू नयेत. दोन धातूंच्या मध्ये पाणी साचलं की त्या जागी लोखंड जास्त झपाट्याने गंजतं. मध्ये रबराची किंवा नायलॉनची वॉशर घाला. पाणी साचेल अशा प्रत्येक खोलगट जागेच्या तळाला भोक पाडा.

आणि चौकात किंवा शाळेत ठेवायचं असेल तर मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंतच्या सगळ्या कडा गोल घासून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा उन्हातल्या काळ्या लोखंडावर हात ठेववत नाही. झाडाच्या सावलीत जागा मागून घ्या.

किलोचा प्रश्न

शिल्प तयार झालं की एक प्रश्न हमखास येतो: ‘किलोला काय पडलं?’ विचारणाऱ्याचा दोष नाही, लोखंड आपण आयुष्यभर किलोनेच घेतलंय. पण या कामात लोखंडाचा खर्च बहुतेकदा सगळ्यात कमी असतो. निकेलचे रॉड, चकत्या, गॅस, वीज, गंज घासण्याचे तास, पिसं ओवण्याचे तास, पायाचं काँक्रीट आणि ते उचलून नेणारी गाडी, यांत पैसा जातो. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो की एखादं मंडळ, कोटेशन देताना हे सगळं वेगवेगळं मांडावं आणि त्यात वजनाचा रकानाच ठेवू नये. वजन फक्त क्रेनवाल्याला सांगायचं.